पॅनेलिंगचं मॉडेल करताना या चुका टाळा

पॅनेलं, म्हणजे शीटचे कापलेले तुकडे, जोडून करायची वळणदार कॅनोपी किंवा कमान राइनो-ग्रासहॉपर या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये झकास दिसते. कुपवाडच्या एमआयडीसीत फाइल कटिंगला गेली की खरी अडचण सुरू होते. सांगलीत हे काम शिकणाऱ्या मुलामुलींनी पुढच्या गोष्टी आधीच तपासल्या, तर शीट वाया जाणार नाही.

सगळ्यात महागात पडतं ते चौकोनी पॅनेल सपाटच असेल असं धरून चालणं. कुठलेही तीन बिंदू एका पातळीत येतात, चौथा येईलच असं नाही. तिपाई डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं, ते याचमुळे. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग यूव्हीप्रमाणे (पृष्ठभागाच्या स्वतःच्या आडव्या-उभ्या रेषांप्रमाणे) चौकोनांत भागला की बहुतेक पॅनेलांना पीळ बसतो. एसीपी (अॅल्युमिनियमचं थर असलेलं शीट) थोडं ओढून बसवता येतं, पण स्क्रूवर ताण राहतो. साध्या काचेला तेवढीही मुभा नाही. म्हणून तीन कोपऱ्यांतून प्लेन (सपाट पातळी) काढा, चौथा कोपरा त्यापासून किती दूर आहे ते मोजा आणि मर्यादेबाहेरची पॅनेलं लाल रंगवा. ग्रासहॉपरमधल्या कांगारू या प्लगइनने ती सपाट करता येतात. मात्र कडेचे बिंदू बांधून ठेवा, नाहीतर पॅनेलं सपाट होतील आणि कडा खांबापासून सरकलेली असेल.

त्रिकोण केले तर सपाटपणाचा प्रश्नच मिटतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेट कोर्टचं छत (२०००) तसंच आहे, पण तिथल्या ३,३१२ काचा एकसारख्या नाहीत. लहान बजेटला हे झेपत नाही. माझं मत विचाराल तर आकारच शहाणपणाने निवडा: एक वक्र दुसऱ्या वक्रावरून न फिरवता, समांतर सरकवत न्या. त्या जाळीतले चौकोन आपोआप सपाट येतात. सिडनी ऑपेरा हाउसची कवचं बांधण्याजोगी झाली, तीही वास्तुविशारद उटझॉन यांनी ती सगळी एकाच गोलातून काढल्यावर.

पॅनेलं एका टोकाला दाटली असतील तर भाग प्रत्यक्ष लांबीने नव्हे, पॅरामीटरने (वक्राच्या सॉफ्टवेअरमधल्या अंतर्गत मोजणीने) पडलेत. कडेचे वक्र लांबीने भागून घ्या. ट्रिम केलेल्या (कापून टाकलेल्या) जागीही पॅनेलं उगवली, तर जाळी मूळ, न कापलेल्या पृष्ठभागावर पसरली आहे.

मापं शीटवरून ठरवा. ८ बाय ४ फुटी एसीपीत १२२० मिमी रुंदी मिळते. दोन्ही कडांना २५ मिमी दुमड धरली की हातात ११७०च उरतात. दोन पॅनेलांमधली फटही मॉडेलमध्येच ठेवा. अॅल्युमिनियमचं २४०० मिमीचं पॅनेल तापमानातल्या ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे सव्वादोन मिमी वाढतं, आणि इथल्या एप्रिलच्या उन्हात पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

राहिले क्रमांक. फ्लॅटन (सगळा डेटा एकाच यादीत टाकणारी ग्रासहॉपरची आज्ञा) सरसकट वापरलं की ओळी-रांगांची रचना मोडते आणि साइटवर कुठलं पॅनेल कुठे हे कळत नाही. ओळ, रांग आणि वरची दिशा दाखवणारा बाण कटिंगच्याच फाइलमध्ये, पॅनेलच्या मागच्या बाजूला कोरून घ्या. त्यासाठी सगळे नॉर्मल (पॅनेलची पुढची बाजू दाखवणारे लंब बाण) एकाच बाजूला आहेत ना ते आधी पाहा. एखादा उलटा राहिला तर ते पॅनेल आरशातल्यासारखं कापून येतं.