नववी-दहावीच्या पोरांसाठी वेब डिझाइनचं सॉफ्टवेअर: खिशाला परवडेल असं कसं निवडायचं

बाहेर ४५ च्या आसपास ऊन, दुपारी पोरांना घराबाहेर सोडायची सोय नाही, आणि आपल्या विदर्भात शाळा उघडतात जून संपता संपता, त्यामुळे दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच की दादा, पोट्टं वेब डिझाइन शिकतो म्हणून राहिलं, कोणतं सॉफ्टवेअर घेऊन देऊ? माझं उत्तर दरवेळी तेच असतं. सध्या काहीच विकत घेऊ नका. या कामात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ब्राउझर फुकट आहे, वेबसाइट ऑनलाइन ठेवायला जागासुद्धा फुकट मिळते. पैसे लागतात ते नंतर, आणि तेही भलत्याच ठिकाणी लागतात, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी एवढं समजून घ्या की वेबसाइट म्हणजे शेवटी साध्या फायली. एचटीएमएलच्या फाईलमध्ये मजकूर आणि रचना, सीएसएसमध्ये रंग, फाँट, मांडणी, आणि जावास्क्रिप्टमध्ये बटन दाबल्यावर काय व्हायचं ते. या तिन्ही फायली कोणत्याही साध्या एडिटरमध्ये लिहिता येतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी पहिले हेच पाहतो की पोराच्या हातात त्या फायली येतात की नाही. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं, कंपनीने भाव वाढवला, तर केलेलं काम पेन ड्राइव्हमध्ये टाकून दुसरीकडे नेता आलं पाहिजे. ही भीती उगाच नाही. अडोबीने काढलेलं ब्रॅकेट्स नावाचं एडिटर शिकणाऱ्यांमध्ये फार चालायचं, त्याचा सपोर्ट कंपनीने २०२१ मध्ये बंद केला, गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं ॲटम नावाचं एडिटर २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. पण ज्यांनी त्यात एचटीएमएल लिहिलं होतं त्यांचं काही गेलं नाही, फोल्डर उचललं आणि दुसऱ्या एडिटरमध्ये उघडलं.

माझी निवड सरळ आहे, व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टचं आहे, २०१५ पासून आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि एकदा टाकलं की नेट नसतानाही चालतं, हे आपल्याकडे महत्त्वाचं आहे कारण पावसाळ्यात लाइन गेली की वायफाय पहिलं जातं. कंपनी स्वतः सांगते की १ जीबी रॅम असली तरी चालेल, पण सोबत ब्राउझर उघडा असतोच, तेव्हा ४ जीबी तरी असू द्या, ८ असली तर चिंताच नाही. घरात विंडोज ७ चा जुना डबा पडला असेल तर व्हीएस कोडचं नवीन व्हर्जन त्यावर चालणार नाही, तिथे नोटपॅड प्लस प्लस टाका, तेही फुकट आणि एकदम हलकं. ज्यांच्या घरी लॅपटॉपच नाही त्यांनी अडून बसू नका, अँड्रॉइड फोनवर एकोड नावाचं एडिटर आहे, त्यात एचटीएमएल लिहून तिथल्या तिथे पाहता येतं. फोनवर बोटं दुखतात हे खरं, पण पहिले काही आठवडे निघतात, आणि तेवढ्यात पोराला हे खरंच आवडतं की नाही ते कळून जातं. मग नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन सेकंडहँड लॅपटॉप पाहता येईल. घ्यालच तर एसएसडी असलेला पाहा, आणि त्यात विंडोज १० असेल तर लक्षात ठेवा की त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ११ चालणार नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून घ्या, तेही फुकट.

व्हीएस कोड टाकल्यावर करायचं काय? एक रिकामं फोल्डर बनवा, ते व्हीएस कोडमध्ये उघडा, आत इंडेक्स डॉट एचटीएमएल (index.html) नावाची फाईल बनवा, त्यात नुसतं उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा. पूर्ण पानाचा सांगाडा आपोआप येतो. माझी भाची मानेवाड्याला राहते, नववीत आहे, तिला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, एवढं सगळं कायले लागते?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून मी तिला त्यातली प्रत्येक ओळ खोडून पाहायला लावली. एक ओळ काढायची, सेव्ह करायचं, पानात काय बदललं ते पाहायचं, परत टाकायची. त्यासाठी व्हीएस कोडमध्ये लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायची छोटी सोय, टाकून घ्या, सेव्ह केलं की ब्राउझरमधलं पान लगेच बदलतं, दरवेळी रिफ्रेश करावं लागत नाही.

त्या सांगाड्यातल्या दोन ओळी मराठी पोरांनी नीट पाहायच्या. एक म्हणजे यूटीएफ-८ ची ओळ. तिने ब्राउझरला कळतं की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत आहे, ती कधीच काढून ठेवायची नाही. जुन्या विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये फाईल डीफॉल्टने एएनएसआय नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह व्हायची, त्यात मराठी लिहून सेव्ह केलं की परत उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसायची, आणि तो मजकूर गेला तो गेलाच. व्हीएस कोड मुळातच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, खाली उजव्या कोपऱ्यात तसं लिहिलेलं दिसतं. दुसरी ओळ भाषेची. सांगाड्यात इंग्रजी धरलेली असते, मराठी पान असेल तर तिथे ईएन (en) काढून एमआर (mr) करायचं, मग ब्राउझर आणि वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं पान मराठी म्हणून धरतात.

मराठीचंच आणखी थोडं, कारण हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर आणून पानात चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल, कारण तो फाँट युनिकोड नाही, आतमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो. फाँटसाठी गूगल फाँट्सवर मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी फुकट आहेत. इंग्रजीसाठी ठेवलेली ओळीची उंची मराठीला पुरत नाही, वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, म्हणून सीएसएसमध्ये लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.६ च्या पुढे ठेवून पाहा. आणि लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. भाचीने घराजवळच्या तर्रीपोह्याच्या टपरीचं पान बनवलं होतं, त्यात टपरीचं नाव असंच तुटलेलं दिसत होतं, ती एक ओळ काढली आणि नाव जुळलं.

दुसरं फुकटचं हत्यार तर आधीच लॅपटॉपमध्ये असतं. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ १२ दाबा. कोणत्याही वेबसाइटचं एचटीएमएल-सीएसएस उघडं होतं, रंग बदलून पाहता येतो, पान मोबाईलवर कसं दिसेल तेही पाहता येतं, आणि आपल्याकडे बहुतेक लोक मोबाईलवरच पाहणार आहेत. आवडलेलं पान उघडून ते कसं बांधलंय हे पाहायची सवय पोराला लागली ना, की महागड्या क्लासची गरज निम्मी होते. बाकी शिकायला फ्री कोड कॅम्प आणि एमडीएन या साइट्स आहेत, दोन्ही फुकट, इंग्रजी साधं आहे.

ओढून-सोडून वेबसाइट बनवणाऱ्या विक्स, गूगल साइट्स वगैरेबद्दल विचाराल तर शाळेचा प्रोजेक्ट परवा द्यायचा असेल तर गूगल साइट्स घ्या आणि मोकळे व्हा. विक्सच्या फुकट प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात आणि त्यांचाच पत्ता राहतो, शिवाय बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. दुकान चालवणाऱ्याला ते चालतं, शिकणाऱ्याला नाही, कारण आत काय झालं हे त्याला दिसतच नाही. तयार साच्यांवर साइट उभी करायचं वर्डप्रेस चांगलं आहे, पण एचटीएमएल-सीएसएस हातात बसल्यावर.

ड्रीमवीव्हर या अडोबीच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं सांगतो, कारण अजूनही काही क्लासवाले त्याच्याच नावावर फी घेऊन राहिले. सॉफ्टवेअर वाईट नाही, एक काळ त्याचा होता, पण ते अडोबीच्या सबस्क्रिप्शनवर आहे, पैसे भरणं थांबलं की सॉफ्टवेअर थांबलं. आणि क्लासमधून पेन ड्राइव्हवर क्रॅक व्हर्जन आणू नका. आमच्या ओळखीत एका घरी तसंच आणलं, लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला, फॉरमॅट मारावा लागला, बहिणीचे बारावीचे नोट्स आणि घरातले फोटो सगळे गेले. फुकट आणि सरळ मार्गाचं मिळत असताना हा धोका घ्यायचाच कशाला.

चित्रं आणि डिझाइनसाठी फोटोशॉप लागत नाही. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि बरंचसं फोटोशॉपसारखंच आहे, नेट नसेल तर जिम्प टाकून ठेवा. पान आधी आखून पाहायचं असेल तर फिगमाचा फुकट प्लॅन पुरतो, पण मी तर म्हणतो पहिली दोन-तीन पानं वहीवर पेन्सिलीने आखा. मोबाईलमधला ४-५ एमबीचा फोटो तसाच पानात टाकू नका, स्क्वूश या फोटो लहान करायच्या साइटवर लहान करून घ्या, नाहीतर पाहणाऱ्याचा डेटा जातो आणि पान उघडायच्या आधीच पाहणारा निघून जातो. चॅट जीपीटीला एरर विचारा, ओळीचा अर्थ विचारा, त्याला हरकत नाही, पण पूर्ण पान त्याच्याकडून लिहून घेतलं तर पोराच्या हातात काही राहत नाही.

पान तयार झालं की गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या फुकट वेबसाइट ठेवायच्या सोयीवर, ठेवा. खातं उघडायला वय १३ पूर्ण पाहिजे, साइट १ जीबीपर्यंत, पैसे शून्य. फुकट खात्यात ते फोल्डर सगळ्यांना दिसतं, म्हणून आईबाबांनी एकदा सोबत बसून पाहून घ्यावं की पोराने पानात घरचा पत्ता, मोबाईल नंबर, शाळेच्या ड्रेसमधला फोटो असं काही टाकलं तर नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. कोडमध्ये पासवर्ड लिहायचा नाही हेही तेव्हाच सांगून टाका.

आता पैसे. माझ्या मते पहिला खर्च स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याचा, आणि तोही चार-पाच पानं पूर्ण झाल्यावरच. घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका, रिन्यूअलचा पाहा, तिथेच खरी किंमत असते. डोमेनसोबत होस्टिंग, ईमेल, सिक्युरिटी असं कार्टमध्ये आपोआप टाकलेलं असतं, ते काढून टाका, गिटहब पेजेसला स्वतःचं डोमेन फुकटात जोडता येतं. डोमेन आईच्या किंवा वडिलांच्या नावाने आणि ईमेलने घ्या, आणि फ्री ट्रायलच्या नावाखाली कुठे कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर ॲपमध्ये जाऊन ते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, त्याच दिवशी बंद करा.