मुलांच्या डॉक्टरांनी केबिनच्या बाहेर आवाज कसा उठवायचा

दम्याचं मूल परत परत ओपीडीत येतं, आपण नेब्युलायझर लावतो, इनहेलर लिहून देतो आणि ते मूल पुन्हा त्याच ओल धरलेल्या खोलीत झोपायला जातं. भिंतीतली ओल औषधाने जात नाही. म्हणून मुलांच्या डॉक्टरांनी केबिनच्या बाहेरही बोलायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची सुरुवात अशी करता येते.

१. आधी विचारा, आणि सगळ्यांनाच विचारा

अन्नाबद्दल दोन प्रश्न पुरतात. गेल्या १२ महिन्यांत, हातात पैसे येण्याआधीच घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि खरंच संपलं पण परत आणायला पैसे नव्हते असं झालं का? कपडे बघून निवडक लोकांना विचारू नका, त्यांना अपमान वाटतो आणि नीटनेटकी दिसणारी उपाशी घरं सुटून जातात. मात्र मदत कुठे मिळते त्याची यादी आधी तयार ठेवा, नाहीतर विचारून काय उपयोग.

२. जे दिसतंय ते मोजा

माझ्या मते खरी ताकद इथेच आहे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला, लोक रंगाची, वासाची तक्रार करत राहिले आणि अधिकारी पाणी चांगलंच आहे म्हणत राहिले. मग मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञांनी हॉस्पिटलमध्ये आधीच पडून असलेले ५ वर्षांखालच्या मुलांचे रक्ताचे रिपोर्ट काढले, पाणी बदलण्याआधीचे आणि नंतरचे. रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असलेली मुलं २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेली होती. आणि ज्या भागांत पाण्यातच शिसं जास्त होतं तिथे हाच आकडा ४ वरून १०.६ झाला होता! शिशाने मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो, त्याची सुरक्षित पातळी अशी काही नाहीच. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, आधी त्यांनाच खोटं ठरवायचा प्रयत्न झाला, पण ऑक्टोबरमध्ये पाण्याचा स्रोत परत बदलावा लागला.

त्यामुळे आकडे नेहमी भागवार काढा, शहराच्या सरासरीत सगळ्यात जास्त त्रास सोसणारी मुलं दिसतच नाहीत.

३. मागणी एकच ठेवा, आणि निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच जा

दहा मागण्यांचं निवेदन फाइलीत पडून राहतं. टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स एकाच गोष्टीच्या मागे लागले, गाडीत लहान मुलांना सेफ्टी सीट सक्तीची करा. १९७७ मध्ये कायदा झाला, अमेरिकेतला त्या प्रकारचा पहिला. पण त्यात एक पळवाट घुसवली गेली, मोठ्या माणसाने बाळ मांडीवर घेतलं तर सीट नको, आणि अपघातात बाळ त्याच माणसाच्या वजनाखाली चिरडलं जाऊ शकतं. सँडर्स घरी बसले नाहीत, १९८१ मध्ये ती पळवाटही काढायला लावली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले. म्हणून कायदा झाला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि नकार आला तर कारण लेखी मागा.

४. एकटे जाऊ नका

नर्स, शिक्षक, समाजसेवक, वकील सगळे सोबत हवेत. बॉस्टनमध्ये १९९३ मध्ये बॅरी झुकरमन या बालरोगतज्ज्ञांनी चक्क हॉस्पिटलमध्ये वकील आणला, कारण दम्याच्या मुलांच्या घरातली बुरशी काढायला घरमालक डॉक्टरांच्या सांगण्याने हलत नव्हते.

५. मुलाची गोष्ट परवानगीशिवाय सांगू नका

नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही नको. आईवडिलांना स्वतः बोलायचं असेल तर मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची आणि वेळ आधीच मागून ठेवा, त्यांच्या वतीने आपणच सगळं बोलून टाकू नका.