हबानेरो मिळाली नाही तर काय घालावं?

पाककृतीत हबानेरो लिहिलेली असते, ती हाताशी नसते, आणि आपण तेवढीच तिखट दुसरी मिरची शोधायला लागतो. माझ्या मते चूक इथेच होते. हबानेरो पदार्थात दोन कामं करते. ती जाळ तर लावतेच, शिवाय जर्दाळूची आठवण करून देणारा फळासारखा वासही देते. ही दोन कामं दोन वेगळ्या जिनसांकडून करून घेतली की पदार्थ जमतो.

१. आधी स्कॉच बॉनेट मिळते का पाहा. दोन्ही मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या एकाच जातीच्या. स्कोव्हिल मापावर दोन्हींचा तिखटपणा साधारण १ ते ३.५ लाख भरतो आणि वासही जवळचा असतो. एकीच्या जागी एक घाला, बाकी काही बदलू नका.

२. ती नसेल तर तिखटपणाची सोय करा. बर्ड्स आय मिरची ५० हजार ते १ लाखांत बसते, म्हणून वजनाने हबानेरोच्या दुप्पट-तिप्पट लागू शकते. तरी पहिल्यांदा २-३ मिरच्याच बारीक चिरून घाला. कायेन मिरचीची पूड असेल तर पाव चमच्यापासून सुरुवात करा आणि मंद आचेवर तेलात काही क्षण परतून घ्या. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं आणि सगळीकडे सारखं पसरतं. मात्र पूड शिजणाऱ्या रश्शातच बरी. कच्च्या चटणीत ती कोरडी लागते. हालापेन्यो जेमतेम अडीच ते आठ हजारांची, तिच्याकडून या जाळाची अपेक्षा धरू नका.

भूत जोलोकिया उलट्या टोकाची. तिचा तिखटपणा १० लाखांच्या आसपास जातो, त्यामुळे एका हबानेरोऐवजी तिचा नखाएवढा तुकडा पुरे.

३. आता वास. लोक ही पायरी सोडून देतात आणि मग पदार्थ नुसता झोंबतो. पिवळी किंवा नारिंगी ढोबळी मिरची बारीक चिरून घातली की हबानेरोचा गर आणि रंग भरून निघतो. सोबत चमचाभर जर्दाळूचा किंवा आंब्याचा गर आणि चिमूटभर किसलेली संत्र्याची साल घाला. आंब्याच्या सॉसमध्ये मी एकदा फक्त कायेन घातली होती. तिखट झाला, पण बेचव वाटत होता. संत्र्याची साल पडताच त्यात जीव आला. साल मात्र शेवटी घाला, उकळली तर वास उडतो. पांढरा भाग किसू नका, तो कडू असतो.

४. तयार हॉट सॉस वापरणार असाल तर पाककृतीतलं मीठ आणि व्हिनेगर कमी करा. दोन्ही त्यात आधीच असतात.

५. प्रत्येक वेळी थोडं घालून, पाच मिनिटं शिजवून मग चव घ्या. सुक्या मिरचीचा तिखटपणा हळूहळू उतरतो. कमी तिखट हवं असेल तर मिरचीच्या आतला पांढरा गाभा खरवडून टाका. तिखटपणा बियांपेक्षा तिथेच जास्त असतो.

जास्त झालंच, तर पाणी ओतून उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साय, दही किंवा नारळाचं दूध घाला, नाहीतर पदार्थच वाढवा. आणि चिरताना हातमोजे घाला. राहून गेलं तर हातांना आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.