आमदारांशी निवडणुकीविषयी बोलायला जाताना

आमदारांना भेटून निवडणुकीच्या कारभाराविषयी बोलायचे असेल, तर त्यांच्या संपर्क कार्यालयातील स्वीय सहायकांकडून आधी वेळ घ्यावी. अधिवेशन चालू असताना ते बहुधा मुंबईत किंवा नागपुरात असतात. जाण्यापूर्वी त्यांनी उमेदवारी अर्जासोबत दिलेले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचावे.

मतदार यादीत नाव घालणे किंवा वगळणे आमदारांच्या हातात नसते. तो अधिकार मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा आहे. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, वगळणीसाठी ७ आणि दुरुस्तीसाठी ८ भरून पोच घ्यावी.

आमदारांना विचारायचा, माझ्या मते सर्वांत मोलाचा, प्रश्न निराळाच आहे: आपल्या केंद्रावर त्यांच्या पक्षाचा मतदान प्रतिनिधी शेवटपर्यंत थांबतो का, आणि मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सीची प्रत घेतो का? त्या प्रतीत यंत्रात नोंदलेल्या एकूण मतांचा आकडा असतो आणि मतमोजणीच्या दिवशी तो यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहता येतो. प्रतिनिधी आधीच उठून गेला, तर ही साधी, कायद्याने दिलेली पडताळणी पक्ष स्वतःहून गमावतो, आणि नंतरच्या तक्रारीला कागदाचा आधार उरत नाही.

पुढे खर्चाचा विषय काढावा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही नाही. ही तफावत त्यांना मान्य आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. निघताना लेखी निवेदन देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी.