मेळघाटातल्या शाळेचा हिवाळा: दिवाळीनंतरची तयारी

दिवाळीच्या सुट्या संपवून मेळघाटातल्या शाळेवर रुजू होताना सामान परतवाड्यातच भरून घ्या. पुढे सेमाडोह, हरिसालला दुकानं आहेत, पण नेमकी हवी ती वस्तू मिळेलच असं नाही. अंगावर घ्यायला एक जाड ब्लँकेट आणि तितकंच जाड दुसरं अंगाखाली. फरशीवर निजलं की खालूनच हीव भरतं. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणून तिळाचं घ्या. टाचांच्या भेगांना व्हॅसलीन. टॉर्च, जादा सेल, आणि गाडीसाठी ट्यूब, पंप, स्पार्क प्लग, पाना.

शाळा उघडल्यावर पहिलं काम आवारातलं ऊन मोजायचं. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम 45 अंश चढतो. म्हणजे 12 फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला साधारण 12 फूट पडते, आणि त्या पट्ट्यात दिवसभर ऊन येत नाही. वर्ग बाहेर बसवायचा तो इमारतीच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला. मुलांच्या पाठीवर ऊन घ्यावं, तोंडावर नको. मात्र तसं बसवलं की ऊन थेट फळ्यावर पडतं, आणि रंग उडून गुळगुळीत झालेला फळा इतका चमकतो की खडूची अक्षरं दिसत नाहीत. फळा थोडा तिरका ठेवा, उन्हाळ्यात काळा रंग दिला नसेल तर आता द्या. सावली सरकते तशी मुलंही बसल्या बसल्या सरकतात आणि अर्ध्या तासात पहिली रांग फळ्यापासून हात-दोन हात लांब गेलेली असते. म्हणून दर तासाला सतरंजी कुठे हलवायची त्या जागा चुन्याने आखून ठेवा. अंगणात एक काठी रोवून तिची सावली रोज एकाच वेळी मोजायला लावली तर चौथी-पाचवीचा भूगोल आणि मोजमाप दोन्ही होतं. सतरंजीखाली धुतलेली धान्याची पोती दुहेरी अंथरा.

शनिवारच्या सकाळच्या शाळेची आखणी वेगळी करा. सूर्योदय सर्वांत उशिरा होतो तो जानेवारीच्या मध्यास, सातच्या सुमारास. दरीतल्या गावात डोंगरावरून ऊन उतरायला आणखी वेळ लागतो. बोटं आखडलेली असताना पहिल्या तासाला लेखन देऊ नये. अक्षर बिघडतं आणि मूल स्वतःला कच्चं समजू लागतं. पाढे, गाणी, उड्या, गोष्ट हे आधी, वही नंतर.

हिवाळ्यात सर्वांत जास्त त्रास खरजेचा. गार पाण्याने अंघोळ टळते, भावंडं एकाच पांघरुणात निजतात, आणि किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला पुरळ आणि रात्री वाढणारी खाज दिसली की आरोग्य उपकेंद्रात पाठवा. 5 टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांसह, रात्री लावायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्हं बाळ असेल तर नर्सला विचारल्याशिवाय लावू नये. औषध फुकट जातं ते एकट्या मुलालाच लावल्यामुळे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं पाहिजे आणि कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवली पाहिजेत. नंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर ते रोज मलम चोळत बसतात.

बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी कधीही ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. शेकोटीजवळ नायलॉनचं स्वेटर किंवा लोंबती ओढणी नको. ते वितळून कातडीला चिकटतं. भाजलं तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट अजिबात नाही.

पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी लागते. मेथी, पालक, वांगी, ओल्या तुरीचे सोले या दिवसांत गावातच मिळतात, तेव्हा भाजीत हात आखडता घेऊ नका. तूरडाळ आधी भिजत घाला, थंडीत ती शिजायला वेळ घेते. सरपण विटांवर रचून ताडपत्रीने झाका. लाकडात हात घालण्याआधी काठीने हलवा, घोणस अशाच जागी दडते. मुलं थंडीत पाणी प्यायचं विसरतात, म्हणून दोन ठरावीक वेळा घंटा देऊन पाजा.

रस्त्याला धुकं निवळल्यावरच निघा आणि सूर्य मावळायच्या आत पोचा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं या दोन्ही वेळी आडवी येतात. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घातली की वारा लागत नाही.

आणि स्थलांतर. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरोघरी जाऊन कोण, कुठे, किती महिन्यांसाठी जाणार ते लिहून घ्या. ज्या मुलांना मागे आजीजवळ ठेवता येईल त्यांच्यासाठी आधी बोला. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं) द्या, आणि त्याला वाचन कुठवर येतं, वजाबाकी हातच्याची जमते की नाही, हे वेगळ्या कागदावर स्पष्ट लिहून त्यासोबत जोडा. तिकडच्या गुरुजींना त्याच पानापासून सुरुवात करता येते.