स्पोर्ट्स कार ट्रेलरवर पक्की कशी बांधावी

लाकडी पेटी ट्रेलरवर बांधली की ती तिथेच बसते. गाडीचे तसे नाही. तिला चाके आहेत, म्हणून ती पुढेमागे घरंगळू शकते. चाकांवर स्प्रिंगा आहेत, म्हणून प्रत्येक खड्ड्यात बॉडी वरखाली होते आणि ताणलेला पट्टा क्षणभर सैल पडतो. स्पोर्ट्स कारची आणखी भानगड अशी की पोट जमिनीला टेकायला आलेले, टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम बोटभर फट, आणि इंजिन कित्येकदा सीटच्या मागे. खालचा क्रम दोन आसांच्या उघड्या ट्रेलरसाठी आहे. बंद ट्रेलरलाही तो थोड्याफार फरकाने चालतो.

१. वजनाचा हिशेब

समजा गाडी १,४०० किलोची आहे आणि ट्रेलर ८०० किलोचा. एकूण २,२०० किलो, आणि त्यावर सुटे टायर, अवजारांची पेटी, पेट्रोलचे कॅन. ही बेरीज चार ठिकाणच्या आकड्यांशी ताडून पाहा: ट्रेलरच्या पाटीवरचा कमाल भार, खेचणाऱ्या गाडीची ओढण्याची क्षमता, कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) आणि टो बॉल (खेचणाऱ्या गाडीच्या मागचा गोळा). यात जो आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा. टो बॉलचे मापही जुळले पाहिजे. ५० मिमीच्या बॉलसाठीचा कपलर आणि २ ५/१६ इंची बॉलसाठीचा कपलर लांबून सारखेच दिसतात, पण मोठा कपलर लहान बॉलवर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच उंचवट्यावर उचकटतो.

२. पट्टे

पूर्ण आकाराच्या गाडीसाठी ५० मिमी रुंदीचे पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे, म्हणजे दांडी मागेपुढे करून रिळावर आवळायचे पट्टे, घ्या. नायलॉन जास्त ताणते आणि ओले झाले की आणखी सैल पडते. लेबलवर दोन आकडे असू शकतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा असतो, सुमारे ४,५०० किलो. कामाचा आकडा लहान, म्हणजे वर्किंग लोड लिमिट, सुमारे १,५०० किलो. जाहिरातीत मोठाच आकडा ठळक छापतात. युरोपीय लेबलवर हा कामाचा भार 'एलसी' या नावाने डेकान्यूटनमध्ये असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो.

जोरात ब्रेक लागल्यावर गाडी तिच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहते, असे धरून मालबांधणीचे नियम केलेले आहेत. बाजूला आणि मागे ०.५ पट धरतात. १,४०० किलोच्या गाडीला हा पुढचा जोर ११२० किलोचा झाला. तो सगळा मागच्या दोन पट्ट्यांवर येतो, कारण गाडीला मागे ओढून धरणारे तेच असतात. पट्टा ४५ अंशांत खाली उतरत असेल तर त्याच्या ताकदीपैकी साधारण ७० टक्केच आडव्या दिशेला कामी येते. शिवाय आवळताना दिलेला ताण आधीपासूनच त्यावर असतो. म्हणून १,५०० किलोचे चार पट्टे म्हणजे उधळपट्टी नव्हे. २५ मिमीचे पट्टे मोटरसायकलला ठीक.

हुकांना जिभली, म्हणजे स्प्रिंगची पट्टी असलेलेच घ्या. पट्टा क्षणभर सैल पडला तरी असा हुक कडीतून निसटत नाही.

३. चढवण्याआधी

सपाट, टणक जागा शोधा. ट्रेलर खेचणाऱ्या गाडीला जोडलेलाच असला पाहिजे. कपलर बसला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. खटका लावा आणि मग पुढच्या जॅकने ट्रेलरची नाळ, म्हणजे कपलर असलेला पुढचा दांडा, वर उचला. खेचणाऱ्या गाडीचा मागचा भाग सोबत वर आला, तर कपलर बसला. कपलर एकटाच वर आला, तर नाही. सुरक्षा साखळ्या नाळेखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर नाळ रस्त्यावर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. आपत्कालीन ब्रेकची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) मात्र साखळीला गुंडाळू नका. ती स्वतंत्र हवी.

खेचणाऱ्या गाडीचा हँडब्रेक ओढा, तिच्या आणि ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. मग ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू द्या. ही पायरी अनेक जण गाळतात. गाडीची पुढची चाके ट्रेलरच्या शेपटीवर आली की शेपटी दबते, नाळ उचलली जाते आणि खेचणाऱ्या गाडीची मागची चाके हलकी होतात. हँडब्रेक तर बहुधा त्याच चाकांवर असतो, म्हणजे अख्खी जोडगोळीच सरकू शकते. निघताना हे टेकू काढल्याची खात्री करा.

आता उतार. ट्रेलरची फळी जमिनीपासून ५५ सेंमी उंच असेल आणि रॅम्प १.५ मीटरचा असेल, तर चढ साधारण २१ अंशांचा होतो. खाली वाकलेल्या नाकाची गाडी त्यावर निश्चितच घासणार. तेच ३.६ मीटर लांबी मिळाली तर चढ ९ अंशांच्या आत येतो. त्यासाठी लांब रॅम्प घ्या, किंवा रॅम्पच्या टोकाखाली फळ्यांचे टप्पे रचा. नाळ थोडी उचलून शेपटी खाली आणली तरी चढ कमी होतो. नाकाइतकेच पोटाकडेही बघा: रॅम्प संपून फळी सुरू होते त्या कोनावर पोट टेकते, आणि तिथे कुणाचे लक्ष नसते.

४. गाडी वर घ्या

विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, असेल तर तेच वापरा. चालवत चढवताना क्लच जरा जास्त सुटला तर थांबायला जागा नसते, आणि वर गेल्यावर ट्रेलरच्या मडगार्डमुळे दार उघडेलच असे नाही. बंपरमधल्या टोपणामागे टो हुक बसवण्याची जागा असते. अनेक गाड्यांत हे आटे उलटे असतात, त्यामुळे हुक बसत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा. चावी अशा ठिकाणी ठेवा की स्टिअरिंग लॉक होणार नाही. विंच चालू असताना ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभे राहू नये.

टो हुक गाडी ओढण्यासाठी असतो, वाहतुकीत तिला धरून ठेवण्यासाठी नव्हे. विंचचा दोरही तसाच. त्याला पाचवा पट्टा मानू नका.

५. गाडी नेमकी कुठे उभी करायची

बांधणी उत्तम पण जागा चुकीची, तर ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवू लागतो. मागे जड असलेला ट्रेलर डोलतो, हा साधा नियम. सर्वसाधारण ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाळेवर लागतो. वरच्या उदाहरणात २२० ते ३३० किलो. युरोपीय धाटणीच्या कपलरवर मात्र बहुधा ७५ ते १०० किलोचीच मर्यादा असते, तिथे पाटीवरचा आकडा पाळा आणि त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जा.

मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी दोन पाइपांवर आडवी ठेवा. पाइपांमध्ये ९० सेंमी अंतर हवे. एक पाइप त्याच उंचीच्या विटांवर, दुसरा वजनकाट्यावर. विटांकडच्या पाइपपासून ३० सेंमीवर नाळेचा जॅक टेकवा. काटा दाखवेल त्याला तीनने गुणा: काट्यावर ८० आले तर नाळेवर २४० किलो. हे करताना ट्रेलर सपाट, चाकांना ठोकळे आणि कपलर सुटा हवा.

इंजिन पुढे असलेली गाडी आसांच्या थोडी पुढे उभी केली की जमते. इंजिन मागे असेल तर गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे घ्यावी लागते, आणि तेवढी जागा नसेल तर उलटी चढवावी लागते. उलट्या गाडीला वारा मागून लागतो. मागचे झाकण, स्पॉयलर आणि कापडी छप्पर यांची रचना समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी केलेली असते. ती सगळी नीट बंद आहेत का ते हाताने ओढून पाहा. जागा एकदा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा.

६. कशाला बांधायचे

शक्य असेल तिथे चाके बांधा आणि बॉडी स्प्रिंगवर मोकळी सोडा. टायरवरून जाणारा, रबरी ठोकळे असलेला पट्टा घ्या आणि त्याची टोके चाकाच्या पुढे व मागे, चाकाच्याच रेषेत असलेल्या कड्यांना अडकवा. कडी बाजूला असेल तर पट्टा टायरच्या कडेवरून घसरतो. ठोकळे टायरच्या नक्षीवर बसले पाहिजेत, कडेवर नकोत. मग ट्रेलर कितीही उसळला तरी गाडीचे सस्पेन्शन आपले काम करत राहते आणि पट्ट्याचा ताण फारसा बदलत नाही.

मडगार्डमधली फट अगदीच कमी असेल तर पट्टा रंगाला घासतो. मग खालून बांधावे लागते: कापडी आवरणाचा छोटा पट्टा सस्पेन्शनच्या खालच्या आडव्या दांडीला, चाकाजवळ गुंडाळायचा आणि त्याच्या कडीत रॅचेट पट्टा अडकवायचा. इथे मागचे दोन पट्टे एकमेकांना छेदून लावा: डाव्या चाकाकडचा उजव्या कडीला, उजव्याकडचा डाव्या कडीला. त्याने गाडी बाजूला सरकत नाही. छेदणारा पट्टा एक्झॉस्टला किंवा पोटाखालच्या प्लास्टिकला टेकत नाही ना, हे वाकून बघा. गरम पाइपला टेकलेले पॉलिएस्टर वितळते.

स्टिअरिंगचा टाय रॉड, अँटी-रोल बार, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि अलॉय चाकांच्या आऱ्या यांना काहीही बांधू नका. पातळ अॅल्युमिनियमच्या दांड्यांबाबत गाडीच्या पुस्तिकेत वाहतुकीसाठी सांगितलेल्या जागाच वापरा. हुक थेट बॉडीला लावायची वेळ आली तर सस्पेन्शन थोडे दबेपर्यंत आवळावे लागते. तरीही खड्ड्यात बॉडी आणखी खाली जाते, पट्टा सैल होतो आणि परत ताणताना झटका बसतो. हा शेवटचा पर्याय समजा.

७. आवळणे

चाके सरळ, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, विंच ताणलेला. पुढचे दोन पट्टे पुढे ओढतील असे लावून हाताने सैलपणा काढा. मग मागचे दोन मागे ओढतील असे लावा. आता मागचे आवळा, डावा थोडा, उजवा थोडा, आळीपाळीने, मग पुढचे, मग परत मागचे. हँडब्रेक लावून आवळले तर चाके अडकलेली राहतात, पट्टे घट्ट वाटतात आणि पहिल्याच वळणानंतर ढिले सापडतात. (टायरवरच्या पट्ट्यांनाही हाच क्रम चालतो.)

रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे पुरे. एकच वेढा निसटू शकतो, फार झाले तर रीळ अडकते. हातानेच आवळा, रॅचेटच्या दांडीला पाइप लावून लांबी वाढवू नका. मध्यभागी हाताने जोरात दाबल्यावर पट्टा जेमतेम हलला पाहिजे. दांडी पूर्ण मिटवा आणि उरलेले टोक बांधून टाका, नाहीतर ते वाऱ्याने फडफडून रंग खरवडते किंवा चाकात जाते. पट्ट्याला कधी गाठ मारू नका, त्याची निम्मी ताकद तिथेच जाते.

शेवटी पहिला गिअर आणि हँडब्रेक. ऑटोमॅटिक गाडीला आधी हँडब्रेक, मग 'पी', म्हणजे गिअरबॉक्समधल्या छोट्या खटक्यावर भार येत नाही. ट्रॅकवरून नुकत्याच उतरलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात, तेव्हा हँडब्रेक लावू नका, चाकांना ठोकळे लावा. तिचे टायरही तापून फुगलेले असतात; थंड झाल्यावर हवेचा दाब उतरतो आणि टायरवरचा पट्टा सैल होतो. अशी गाडी निघण्याआधी तासभर उभी ठेवा, किंवा थोड्याच वेळात पुन्हा आवळायची तयारी ठेवा. विंचचा दोर सैल सोडा.

आरसे मिटा, अलार्मचा कलसूचक (गाडी कलली की अलार्म वाजवणारा) बंद करा, काचा वर करा. उघड्या ट्रेलरवर गाडीला कापडी आवरण घालू नका. वाऱ्याने थरथरताना ते धुळीसकट रंगावर घासते.

८. रस्त्यावर

पहिला थांबा १५-२० किमीवर. बहुतेक वेळा एक-दोन पट्टे सैल सापडतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कापड बसते, हुक जागा घेतात. दुसरा थांबा ८० किमीच्या आत, पुढे दर दोन-तीन तासांनी. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ हाताची पाठ न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडला आहे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात, त्यामुळे नक्षी चांगली दिसली तरी तारीख बघा. ट्रेलरसाठीच्या अनेक 'एसटी' टायरची वेगमर्यादा ताशी १०५ किमी असते.

ट्रेलर डोलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा. ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येत असेल तर तो हलका लावा. वेग वाढवून डोलणे थांबवायचा प्रयत्न करू नका, आणि खेचणाऱ्या गाडीचे ब्रेकही जोरात दाबू नका. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून गाडी थोडी पुढे घ्या आणि पुन्हा बांधा.

९. उतरवताना

टेकू आणि ठोकळे आधी. मग विंच लावून ताणा, आणि त्यानंतरच पट्ट्यांना हात लावा. मागचे पट्टे आधी सोडा, पुढचे सर्वांत शेवटी, कारण गाडीला मागे घरंगळण्यापासून पुढचेच धरून असतात. रॅचेट सोडताना दांडी झटक्याने उघडते, चेहरा बाजूला ठेवा.

पट्टे धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून ठेवा. कडेला कापलेला, वितळून कडक झालेला, उन्हाने रंग उडून तंतू सुटलेला किंवा लेबल वाचता न येणारा पट्टा दुसऱ्या कामासाठी म्हणूनही डिकीत ठेवू नका. कापून टाकून द्या, नाहीतर पुढच्या वेळी घाईत तोच हाती येतो.