राउटर लिफ्टमध्ये घट्ट बसवताना

टेबलाखाली लिफ्टमध्ये (स्क्रूने उंची कमी-जास्त करणाऱ्या चौकटीत) बसवलेला माझा राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडणारे यंत्र, सागाच्या फळीत खाच पाडताना हळूहळू खाली सरकत असे, आणि त्यामुळे खाचेची खोली सुरुवातीला एक तर शेवटी दुसरीच भरत असे. लिफ्टचा स्क्रू जागच्या जागी होता. म्हणजे सरकत होती ती लिफ्टच्या पकडीतली राउटरची मोटर. व्हर्नियरने मोजल्यावर कारण कळले. पकडीचा व्यास 65 मिमी होता आणि मोटरचा त्याहून किंचित कमी. मधली फट भरायला घातलेल्या कागदाच्या पट्ट्या कंपनाने चुरगळतात, म्हणून लेथवर एका बाजूला उभी चीर असलेली ॲल्युमिनियमची पातळ नळी करून घेतली, मोटरवरचे तेलकटपण स्पिरिटने पुसले आणि ती नळीसकट पकडीत बसवली. मोटरची हवेची छिद्रे मोकळी राहतील हे येथे आवर्जून पाहावे. पकडीचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकाच स्क्रूवर जोर दिल्यास मोटर तिरकी बसते, आणि अति आवळल्यास तिचे आवरण दबण्याची भीती असते. प्लग काढून, कॉलेटमध्ये (बिट, म्हणजे कापणारे पाते, धरणाऱ्या तोंडात) सरळ दांडी धरून, टेबलावर ठेवलेल्या गुण्याने काटकोन दोन्ही दिशांनी तपासला. बिट वर घेतल्यावर कॉलेट पान्याच्या आवाक्यात येते का, हेही तेव्हाच पाहिले.

उंची लावताना बिट आधी थोडे खाली नेऊन मग वर आणतो, कारण त्याने स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई निघून जाते. आता खाच सलग एकाच खोलीची पडते.